जमीन राहिली, वाटा गेल्या: सोव्हिएत संघानंतरचा रशिया

प्रश्न असा विचारला गेला आहे: सोव्हिएत संघ फुटला तरी तीन चतुर्थांश जमीन रशियाकडेच राहिली, अण्वस्त्रं शेवटी त्याच्याकडेच आली, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकारही टिकला. मग रशियाचं जगातलं स्थान एवढं घसरलं असं का म्हणतात? आणि तीस-पस्तीस वर्षांत ते त्याने परत मिळवलं का?

मी नौदलात इंजिनिअर होतो. नोकरीची बरीच वर्षं राजपूत वर्गाच्या विनाशिकांच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यामुळे माझं उत्तर परराष्ट्र खात्यातल्या माणसासारखं येणार नाही, ते बंदरं, गोद्या आणि सुट्या भागांच्या अंगाने येईल. पण मला मनापासून वाटतं की हा विषय त्याच अंगाने नीट कळतो.

आधी थोडक्यात उत्तर देतो. रशियाचं क्षेत्रफळ फारसं गेलं नाही, त्याच्या वाटा गेल्या. समुद्राकडे जाणाऱ्या, युरोपच्या बाजारात जाणाऱ्या, अवकाशात जाणाऱ्या, एवढंच काय पण त्याच्या स्वतःच्या कारखान्यांमधल्या वाटासुद्धा एका रात्रीत दुसऱ्यांच्या हद्दीत गेल्या. गावाकडे भावाभावांत वाटणी होते तसं झालं. थोरल्याला वाडा मिळाला, सातबाऱ्यावर सगळ्यांत मोठं क्षेत्र मिळालं, बापाचं कर्जही त्यानेच डोक्यावर घेतलं; पण विहीर धाकट्याच्या बांधात गेली आणि रस्त्याला लागायची पायवाट तिसऱ्याच्या शेतातून.

कर्जाचं मी उगाच म्हटलेलं नाही. परदेशातली सगळी सोव्हिएत मालमत्ता आपल्याला मिळावी म्हणून रशियाने सोव्हिएत काळाचं सगळं परदेशी कर्ज स्वतःकडे घेतलं, आणि पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाचं देणं २००६ मध्ये फेडून टाकलं. वारसदार म्हणून मान्यता मिळवण्यात मॉस्कोने चूक केली नाही. ८ डिसेंबर १९९१ ला बेलारूसमधल्या बेलोवेझ जंगलात रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी संघ संपल्याचं जाहीर केलं. २५ तारखेला सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला, आणि त्याच्या आदल्याच दिवशी येल्त्सिन यांचं पत्र संयुक्त राष्ट्रांत पोचलं होतं: सोव्हिएत संघाची जागा यापुढे रशिया चालवील. कोणी हरकत घेतली नाही. कागदावरची महासत्ता अशी शाबूत राहिली.

आता कागद बाजूला ठेवून यंत्रांकडे येऊ.

आपल्या राजपूत वर्गाच्या पाचही विनाशिका निकोलायेव शहरातल्या गोदीत बांधल्या गेल्या. त्यांची गॅस टर्बाइन्स त्याच शहरातली. पहिली राजपूत १९८० मध्ये पोती बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. सिंधुघोष वर्गाची पहिली पाणबुडी १९८६ मध्ये रिगाला दाखल झाली. आमच्या लेखी हा सगळा एकच देश होता. सुटा भाग हवा असला की मागणी मॉस्कोच्या सरकारी यंत्रणेकडे जायची. उशीर व्हायचा, पण कोणाकडे मागायचं याबद्दल शंका नसायची. १९९२ उजाडलं तेव्हा निकोलायेव युक्रेनमध्ये होतं, पोती जॉर्जियात आणि रिगा लाटव्हियात. हवाई दलाची तीच गत. आयएल-७६ हे मालवाहू विमान ताश्कंदला बनायचं, म्हणजे उझबेकिस्तानात. दुसरं मालवाहू विमान एएन-३२ कीव्हचं. ब्लेड एका देशाचं, बेअरिंग दुसऱ्याचं, यंत्रांचे आराखडे तिसऱ्याकडे, आणि पैसे कोणत्या चलनात, कोणाच्या खात्यात भरायचे याचा कोणालाच पत्ता नाही. नाशिकजवळ ओझरला मिगच्या कारखान्यात काम केलेल्यांना त्या वर्षांतली सुट्या भागांची टंचाई अजून आठवत असेल.

आपण गिऱ्हाईक होतो, आपली ही अवस्था. खुद्द रशियाची काय झाली असेल, याचा विचार करा. सोव्हिएत नियोजनात एकच कारखाना सगळ्या संघाला पुरेल असा बांधायची पद्धत होती. हेलिकॉप्टरची इंजिनं झापोरिझियाला, युद्धनौकांची टर्बाइन्स निकोलायेवला, आणि सगळ्यांत अवजड आंतरखंडीय क्षेपणास्त्र आर-३६ निप्रोपेत्रोव्स्कला. ही तिन्ही ठिकाणं युक्रेनमध्ये गेली. म्हणजे रशियाच्या अण्वस्त्रांचा जो कणा, त्याची देखभाल २०१४ पर्यंत युक्रेनचे तंत्रज्ञ करत होते. धोक्याची आगाऊ सूचना देणारी रडारं लाटव्हियात स्क्रुंडाला आणि अझरबैजानात गाबालाला. पहिलं १९९८ मध्ये बंद करावं लागलं, दुसरं २०१२ मध्ये सोडावं लागलं. गागारिन ज्या बायकोनूरहून उडाला ते कझाकस्तानात. तिथल्या तळासाठी रशिया १९९४ पासून वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाडं भरतोय आणि करार २०५० पर्यंतचा आहे. आमूर नदीच्या भागात स्वतःचं वोस्तोच्नी केंद्र उभारून पहिलं रॉकेट सोडायला २०१६ उजाडलं.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती निकोलायेवची गोष्ट, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. सोव्हिएत संघाच्या सगळ्या विमानवाहू नौका त्या एकाच शहरात बांधल्या गेल्या. १९९१ च्या डिसेंबरात, युक्रेनने सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी स्वातंत्र्य निवडलं त्याच दिवसांत, कुझनेत्सोव ही नवी विमानवाहू नौका काळ्या समुद्रातून निघून उत्तरेच्या ताफ्यात गेली. तिचं जुळं भावंड वर्याग अर्धवट अवस्थेत गोदीतच राहिलं. तिसरं, अणुशक्तीवर चालणारं उल्यानोव्स्क, तर १९९२ मध्ये तोडून भंगारात काढलं. वर्यागचा सांगाडा युक्रेनने १९९८ मध्ये दोन कोटी डॉलरना विकला, आणि २०१२ मध्ये तो लिआओनिंग या नावाने चीनची पहिली विमानवाहू नौका म्हणून समुद्रात आला. एका महासत्तेची गोदी दुसऱ्या होऊ घातलेल्या महासत्तेच्या कामी आली.

आपली विक्रमादित्यही निकोलायेवचीच. १९८७ मध्ये ती बाकू नावाने सोव्हिएत नौदलात आली, पुढे गोर्श्कोव झाली. २००४ मध्ये आपण ती घ्यायचं ठरवलं तेव्हा जिथे ती जन्मली ती गोदी परदेशात होती. काम गेलं श्वेत समुद्रावरच्या सेवेरोद्विन्स्कला, जिथे पिढ्यानपिढ्या पाणबुड्या बांधणारे हात होते, विमानवाहू नौकेचे नव्हते. ९७.४ कोटी डॉलरचा सौदा वाढत वाढत सुमारे २३५ कोटींवर गेला आणि जहाज हातात आलं नोव्हेंबर २०१३ मध्ये. दिल्लीत तेव्हा यावर बराच संताप झाला, आणि तो रास्तच होता. पण त्या विलंबाचं मूळ मला तरी नकाशात दिसतं.

काळ्या समुद्राच्या तळाचंही हेच. क्रिमियातलं सेव्हास्तोपोल अठराव्या शतकापासून रशियन ताफ्याचं घर, पण १९९१ नंतर ते युक्रेनमध्ये गेलं. १९९७ च्या करारात ताफ्याची वाटणी झाली, रशियाला ऐंशी टक्क्यांहून जास्त जहाजं मिळाली, पण बंदर वीस वर्षांच्या भाड्याने. २०१० मध्ये गॅसच्या दरात सवलत देऊन ते भाडं २०४२ पर्यंत वाढवून घेतलं. स्वतःचं नोव्होरोसिस्क होतं, पण तिथे हिवाळ्यात डोंगरावरून बोरा नावाचा वारा असा कोसळतो की जहाजं धक्क्यावर धरून ठेवणं कठीण. समुद्रावर काम केलेल्या कोणालाही कळेल की चांगला नैसर्गिक आसरा पैशाने बांधता येत नाही. म्हणून २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळला त्यामागे हे बंदर होतं, हे मी मान्य करतो. त्याने ते कृत्य न्याय्य ठरत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने आपली अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू अशी सही रशियानेच केली होती, अमेरिका आणि ब्रिटनच्या बरोबरीने. सुमारे १९०० सामरिक अण्वस्त्रं त्या देशाच्या भूमीवर होती. १९९६ पर्यंत शेवटचं अण्वस्त्र रशियाला पोचलं. त्या सहीचं पुढे जे झालं ते पाहून यापुढे कुठला देश अशा आश्वासनावर अण्वस्त्रं सोडील, ही काळजी मला फार वाटते.

आणि क्रिमिया घेऊन वाट मिळाली का? क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने टर्बाइन्स देणं थांबवलं. काळ्या समुद्रासाठी कालिनिनग्राडच्या यान्तर गोदीत सहा फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधायच्या होत्या. तिघींची इंजिनं आधीच आली होती, उरलेल्या सांगाड्यांना इंजिनच नाही. शेवटी त्यातले दोन सांगाडे आपण घेतले. टर्बाइन्स भारताने युक्रेनकडून विकत घेऊन रशियन गोदीला पुरवली! तीच आयएनएस तुशील, डिसेंबर २०२४ मध्ये कालिनिनग्राडला दाखल झालेली, आणि पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये तमाल. त्याच वर्गाच्या आणखी दोन गोवा शिपयार्डमध्ये वास्कोला बांधल्या जात आहेत. रशियाने रिबिन्स्कला स्वतःची टर्बाइन्स बनवायला घेतली, ती जमलीही, पण काही वर्षं त्यात गेली. २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तुर्कस्तानने १९३६ च्या माँत्रो कराराच्या आधारे लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना काळ्या समुद्रात ये-जा करण्याची सामुद्रधुनी बंद केली. एप्रिलमध्ये ताफ्याची ध्वजनौका मॉस्क्वा बुडाली. तीही निकोलायेवचीच, आपल्या राजपूत जिथे बांधल्या त्याच गोदीतली. २०२३ मध्ये उरलेल्या ताफ्यातली बरीच जहाजं सेव्हास्तोपोल सोडून नोव्होरोसिस्कला हलवावी लागली. ज्या बंदरासाठी एवढं केलं, तिथेच जहाज बांधून ठेवता येईना.

बाल्टिककडे थोडक्यात पाहू. टालिन, रिगा, व्हेंट्सपिल्स, क्लायपेडा ही सगळी बंदरं गेली. उरलं सेंट पीटर्सबर्ग, फिनलंडच्या आखाताच्या टोकाला कोंडलेलं, आणि कालिनिनग्राड, लिथुआनिया आणि पोलंडच्या मध्ये सुटलेला तुकडा. दहा वर्षं रशियन तेल बाल्टिक देशांना भाडं देत बाहेर पडत होतं. २००१ मध्ये प्रिमोर्स्कचं तेल बंदर सुरू झालं, उस्त-लुगा उभं राहू लागलं, आणि ही एक वाट रशियाने पैशाने, कोणावर हात न उगारता, परत बांधली. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण दुसरा मार्ग होता हे त्यातून दिसतं.

गॅसची कथा लांब आहे, मुख्य तेवढी सांगतो. सायबेरियाचा गॅस युरोपला नेणाऱ्या सोव्हिएत नळ्या बहुतेक युक्रेनमधून जात. संघ असताना ती घरातली गोष्ट होती. नंतर दरवर्षी दर आणि थकबाकीवरून भांडण. जानेवारी २००६ मध्ये पुरवठा तुटला. जानेवारी २००९ मध्ये तर ऐन थंडीत जवळजवळ दोन आठवडे तुटला. या भांडणांवर तोडगा म्हणून रशियाने नव्वदच्या दशकापासूनच शेजाऱ्याला वळसा घालणाऱ्या नळ्या टाकायला घेतल्या: बेलारूस-पोलंडमार्गे यमाल, काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानला, बाल्टिकखालून २०११ मध्ये थेट जर्मनीला. अब्जावधी डॉलर फक्त वळशावर खर्च झाले. त्यातली बाल्टिकखालची नॉर्ड स्ट्रीम सप्टेंबर २०२२ मध्ये स्फोटात फुटली आणि युक्रेनमधून जाणारा शेवटचा प्रवाह १ जानेवारी २०२५ ला बंद झाला.

मग तो गॅस चीनला विकावा, असं सगळे सहज म्हणतात. तसं होत नाही. पॉवर ऑफ सायबेरिया ही २०१९ ची नळी पूर्व सायबेरियाच्या विहिरींना जोडलेली आहे, तिची क्षमता वर्षाला ३८ अब्ज घनमीटर. युरोपीय संघ २०२१ मध्ये रशियाकडून सुमारे दीडशे अब्ज घनमीटर घेत होता, आणि तो गॅस पश्चिम सायबेरियाच्या विहिरींतला. तेल जहाजात भरून दुसरीकडे वळवता येतं, गॅसची नळी उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आता सैन्याची खोली. १९८९ मध्ये सोव्हिएत रणगाडे पूर्व जर्मनीत एल्ब नदीपर्यंत उभे होते. ऑगस्ट १९९४ मध्ये शेवटचा सैनिक जर्मनीतून आणि बाल्टिक देशांतून परतला. परतलेल्या अधिकाऱ्यांना राहायला घरं नव्हती, पगार महिनोन् महिने थकत होते, १९९८ च्या ऑगस्टमध्ये तर सरकारनेच कर्ज बुडवलं. याच काळात पोलंड, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक १९९९ मध्ये नाटोत गेले आणि २००४ मध्ये बाल्टिक देश. एस्टोनियातलं नार्वा पीटर्सबर्गपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. नेपोलियन आणि हिटलरला ज्या अंतराने थकवलं ते अंतर संपलं, ही मॉस्कोची भीती मी खोटी म्हणत नाही. पण पोलंड किंवा लिथुआनियाला नाटोत कोणी ढकललं नव्हतं. ते त्यांच्या जुन्या अनुभवातून, धावत गेले. आपल्याकडच्या चर्चांत या दोन गोष्टींपैकी एकच सांगितली जाते, ऐकणारा कोणत्या बाजूचा आहे त्यानुसार. २०२२ नंतर तर दोनशे वर्षं तटस्थ राहिलेला स्वीडनसुद्धा नाटोत गेला, त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड, आणि रशियाची नाटोशी १३०० किलोमीटरहून लांब सीमा नव्याने तयार झाली. बाल्टिक समुद्र आता जवळपास नाटोचा तलाव आहे.

दक्षिणेला आणि मध्य आशियात घसरण सावकाश झाली, म्हणून ती कमी दिसते. २००६ मध्ये अझरबैजानातल्या बाकूचं तेल जॉर्जियामार्गे तुर्कस्तानच्या जेहानला जाऊ लागलं, रशियाला टाळून. २००९ अखेर तुर्कमेनिस्तानचा गॅस थेट चीनला जाऊ लागला. तोपर्यंत तो मॉस्कोला विकण्यावाचून त्यांना फारसा पर्याय नव्हता. २०२३ च्या सप्टेंबरात आर्मेनियन वस्तीचं नागोर्नो-काराबाख अझरबैजानच्या हातात पडलं, रशियन शांतिसैनिक तिथे असूनही. पुढच्या वर्षी आर्मेनियाने रशियाच्या सुरक्षा संघटनेतला सहभाग गोठवला. ताश्कंद किंवा अस्तानामध्ये रशियन भाषा, रशियात मजुरीला जाणारी माणसं, जुने लष्करी धागे हे सगळं आहे. पण सभेत रशियाच्या शेजारी आता चीनची खुर्ची असते.

चीनबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. १९९२ मध्ये डॉलरमध्ये मोजली तर दोघांची अर्थव्यवस्था जवळपास सारखी होती. आज चीनची आठ-नऊ पट आहे. सीमातंटा दोघांनी २००८ पर्यंत पूर्ण मिटवला, आणि तेवढ्यापुरतं ते मुत्सद्देगिरीचं चांगलं काम होतं. रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान प्रिमाकोव डिसेंबर १९९८ मध्ये दिल्लीला आले तेव्हा त्यांनी रशिया, चीन आणि भारत असा त्रिकोण मांडला होता. त्यांच्या मनात त्या त्रिकोणाचं टोक मॉस्को होतं. आज मॉस्कोला त्या त्रिकोणात बीजिंगशी बरोबरीने बोलण्यासाठी दिल्लीची गरज लागते.

भारताला १९९१ ची झळ लगेच बसली होती. १९७१ च्या मैत्री कराराच्या जागी जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी नवा, सौम्य करार केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारून फक्त तयार इंजिनं दिली. इस्रोला ते स्वतः शिकायला दोन दशकं लागली. भारताने सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या जुन्या रुबल कर्जाचा तिढा रुपयांत सुटला, त्यातला एक भाग ४५ वर्षांत बिनव्याजी फेडायचा ठरला.

मग स्थान परत मिळालं का? सीरिया, आफ्रिका, जॉर्जियातलं २००८ चं पाच दिवसांचं युद्ध, हे पाहून अनेकांना २०१५ नंतर तसं वाटत होतं. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याचं काम अडवायची ताकद रशियाने परत मिळवली, आणि ती मोठी आहे, तिला कमी लेखू नये. पण स्वतःचं काम कोणाला न विचारता पुढे नेण्याची ताकद परत आली नाही, आणि बळाने एक वाट उघडायला गेला की दुसऱ्या दोन बंद झाल्या. सीरियातला तार्तूसचा तळ १९७१ पासूनचा. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद पळाले आणि त्या तळासाठी मॉस्कोला नव्या, कालपर्यंत शत्रू असलेल्या सरकारशी बोलणी करावी लागली.

आपल्याला यापुढे लक्ष ठेवायचं असेल तर मी एक जागा सुचवीन, जिची चर्चा मराठीत फारशी होत नाही. २००० च्या सप्टेंबरमध्ये पीटर्सबर्गला भारत, इराण आणि रशियाने उत्तर-दक्षिण मार्गाचा करार केला: मुंबईहून समुद्राने बंदर अब्बास, तिथून इराण ओलांडून कॅस्पियन, आणि पुढे रशियातलं आस्त्राखान. वीसेक वर्षं तो रेंगाळला, कारण रशियाला त्याची फारशी गरजच नव्हती, त्याचा माल युरोपमधून जात होता. या मार्गाच्या रेल्वेत इराणच्या रश्तपासून अझरबैजानच्या सीमेवरच्या आस्तारापर्यंत १६२ किलोमीटरचा तुकडा बांधायचा राहिलाय. मे २०२३ मध्ये त्यासाठी पैसे द्यायचं रशियाने मान्य केलं. तो तुकडा पूर्ण झाला तरी मालगाडी अझरबैजान आणि इराण या दोन देशांच्या मर्जीवर धावणार आहे. हिंदी महासागराकडे स्वतःच्या अटींवर उतरण्याची मॉस्कोची इच्छा झारांच्या काळापासूनची, आणि आज ती त्या १६२ किलोमीटरच्या रुळांवर आणि न्हावा शेवाच्या धक्क्यावर किती पेट्या चढतात यावर अवलंबून आहे.